लॉक झालं का, बाई?

सरांना कुणाला नमस्कार करताना मी कधी पाहिलं नाही. सकाळी शेडचं शटर वर ढकलून आत यायचे, खांद्यावरची पिशवी टेबलावर टाकायचे आणि चपला काढायच्या आधीच विचारायचे, "लॉक झालं का, बाई?" बहुतेक वेळा झालेलं नसायचं. मी "न्हाई" म्हटलं की ते मान हलवायचे आणि कामाला लागायचे. माझ्या लग्नात अक्षता टाकून पुढे आले तेव्हाही त्यांनी मला हेच विचारलं. सासूबाईंना वाटलं, हे गृहस्थ घराच्या कुलपाची चौकशी करताहेत. त्यांनी काळजीनं सांगितलं, "व्हय, कुलूप लावूनच निघालो आमी."

हिंगोली तेव्हा नुकतीच जिल्ह्याचं गाव झाली होती. नवी कार्यालयं, नवे दवाखाने, प्रत्येक टेबलावर झाकण घातलेला संगणक, आणि रोज जाणारी लाइट. गावाबाहेर एका पत्र्याच्या शेडमध्ये सर यूपीएस बनवायचे. लाइट गेली तर बॅटरीवर मशीन चालू ठेवणारी ती लोखंडी पेटी आता सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा लोक तिला इन्व्हर्टरची मोठी बहीण म्हणायचे. शेडमध्ये आम्ही पाच-सहा जण होतो. ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारे, पेट्या जोडणारे, आणि पेटीच्या आतल्या चिपसाठी प्रोग्राम लिहिणारी मी.

सर तांड्यावरचे. त्यांचे आजोबा बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर हिंडलेले, वडील शेतकरी झाले, आणि हे आश्रमशाळेतून इंजिनिअरिंगपर्यंत गेले. पुण्यात एका कंपनीत काही वर्षं होते. तिथून भांडून आले. भांडण कशावरून, हे त्यांनी एकदाच सांगितलं, तेही जेवता जेवता. "तिथं मशीन पुण्याच्या लाइटवर तपासायचे आन विकायचे आपल्याकडं. मी म्हणलं, एकदा या, आमची लाइट कशी येते ते बघा. कुणी आलं न्हाई. मग मीच आलो."

अंगात बारा महिने मनगटापर्यंत बटणं लावलेला शर्ट. खिशात कायम रेझिस्टर, म्हणजे रंगीत पट्ट्यांचे ते इवलेसे भाग. कपडे धुताना ते त्यांच्या आईला दगडावर सापडायचे. आईला सर याडी म्हणायचे. याडीला वाटायचं, पोरगं मणी घेऊन येतंय. तिनं ते जपून ठेवले आणि आरशांच्या कशिद्यात ओवून लेकाला एक पिशवी शिवून दिली. सर ती पिशवी घेऊन बँकेत जायचे, कलेक्टर कचेरीत जायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, "याच्यातला एक बी जळालेला न्हाई. तपासून बघा."

माणूस अतोनात घाईचा. फोन उचलून "बोला" म्हणायचे आणि समोरच्यानं नाव सांगून संपवायच्या आत "कळलं" म्हणून ठेवून द्यायचे. बऱ्याचदा काहीच कळलेलं नसायचं, मग मला परत फोन लावावा लागायचा. रेल्वेचं फाटक बंद दिसलं की स्कूटर वळवून लांबच्या रस्त्यानं जायचे आणि गाडी निघून गेल्यावर पाच माणसांच्या मागून पोचायचे. याडी म्हणायची, हा पोटातून बी घाईनंच आला. एका लूपच्या बाबतीत मात्र त्यांच्याइतका थांबणारा माणूस मी पाहिला नाही. लूप म्हणजे फेज लॉक लूप. आमच्या पेटीचा तो जीव होता, आणि त्याच्याचसाठी त्यांनी मला ठेवलं होतं.

मुलाखतीला आम्ही चौघं होतो. मी सोडून तिघं मुलगे. सरांनी कुणाची मार्कलिस्ट पाहिली नाही. टेबलावर एक पितळी लोटा ठेवला, हातात पेन्सिल घेतली आणि पहिल्याला म्हणाले, "मी वाजवतो. तू टेबलावर बोटानं माझ्याबरोबर वाजव." ते ठेका धरायचे आणि मध्येच चाल वाढवायचे, कमी करायचे, एखादी थाप मुद्दाम अलीकडे टाकायचे. पहिला मुलगा हुशार होता. प्रत्येक थाप पकडायला धावायचा आणि प्रत्येक थापेला पुढंमागं व्हायचा. दुसऱ्यानं आपला ठेका सोडलाच नाही. सर कुठल्या कुठे गेले, हा आपला जागच्या जागी. तिसरा म्हणाला, "सर, मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय." सर म्हणाले, "बरं केलं," आणि लोटा माझ्यापुढं सरकवून वाजवायला लागले.

मी शिरड शहापूरची. घरी मेंढरं-शेळ्या, थोडं रान, आणि चुलत्याचा ढोल. लहानपणापासून तो ढोल कानात. मी सरांचा ठेका ऐकत राहिले, मग हळूहळू त्यात शिरले. त्यांनी चाल वाढवली, मी थोडी मागं राहिले, दोन-चार थापांत जुळले. मग त्यांनी एक थाप अलीकडे टाकली. मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

"ती थाप काहून सोडली?"

"चुकून पडली असं वाटलं."

"आन म्होरच्या दोन-तीन बी तशाच पडल्या असत्या तर?"

"मग तुमी चाल बदलली असं धरलं असतं."

सरांनी पेन्सिल खिशात टाकली. "सोमवारपासून ये," म्हणाले. सोमवारी आल्यावर मला कळलं की त्या पाच मिनिटांत त्यांनी मला सगळं काम सांगून टाकलं होतं.

लाइट सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. यूपीएस बॅटरीवर चालतो तेव्हा तोही आपले पन्नास हेलकावे स्वतः तयार करतो. लाइट परत आली की मशीन बॅटरीवरून लाइनवर न्यायचं असतं, पण दोघांचं पाऊल जुळलेलं असेल तरच. नाहीतर धक्का बसतो. पूर्वीच्या पेट्यांत हे जुळवायला एक तयार चिप असायची. ती उन्हाळ्यात एका तऱ्हेनं वागायची, हिवाळ्यात दुसऱ्या. सरांनी ठरवलं, हे काम आकड्यांनी करायचं. प्रोग्रामनं दर हेलकाव्याला बघायचं, आपण किती मागं, किती पुढं, आणि तेवढं सुधारायचं. हाच आमचा लूप, आणि पाऊल जुळलं की म्हणायचं, लॉक झालं. प्रश्न एवढाच की चूक दिसली की त्यातली किती सुधारायची. सगळी सुधारली तर पाऊल लगेच जुळतं, पण लाइन जरा थरथरली की आपणही थरथरतो. थोडी थोडी सुधारली तर चाल शांत राहते, पण जुळायला इतका वेळ लागतो की तोवर लाइट परत गेलेली असते. पुण्यात हा वाद पुस्तकातला असेल. आमच्याकडे लाइट आली आणि पुन्हा गेली, यातलं अंतर कधी कधी चहा गाळण्याइतकंच असायचं.

पहिला डिजिटल यूपीएस आम्ही गावातल्या एका डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात बसवला. त्या लेकरांच्या डॉक्टर. वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी त्यांनी दोन खोल्यांचा वॉर्ड केला होता. तिथं बाळांना ऊब देणारे वॉर्मर होते, सलाइनचे पंप होते. लाइनवर आमची पेटी झकास चालली. बाईंनी सगळ्यांना पेढे दिले. मग दुपारी भारनियमनात लाइट गेली, मागच्या पडवीतला जनरेटर सुरू झाला आणि पेटीतून आवाज यायला लागला. टक. टक. टक. टक.

काय होत होतं ते मला पेटीसमोर उभ्या उभ्या कळलं. आमचा लूप चपळ होता. जनरेटर आला की त्यानं क्षणात पाऊल जुळवलं आणि वॉर्डाचा भार जनरेटरवर टाकला. भार पडताच जनरेटर दबला, त्याची चाल कमी झाली, पाऊल सुटलं. पेटीनं भार परत बॅटरीवर घेतला. मोकळा झालेला जनरेटर उसळला, पेटीनं पुन्हा जुळवलं, पुन्हा भार टाकला. असं ते चालूच. प्रत्येक टकला वॉर्मरचा दिवा मिचकायचा. सिस्टरबाईंनी एका बाळाला कापडात गुंडाळून छातीशी धरलं होतं.

सरांनी हात घालून पेटी बंद केली आणि जुना यूपीएस परत जोडला. तोवर लाइटही आली. डॉक्टरबाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, "सर, लाइनवर तर चांगला चालतोय ना? राहू द्या. जनरेटर लागला की आम्ही तेवढ्यापुरता जुना जोडू."

"न्हाई, बाई."

"अहो, मला चालतंय."

"मला चालत न्हाई," सर म्हणाले. "ज्या टायमाला लागतो त्याच टायमाला काढून ठेवायचा, मग आणला काहून?"

पेटी टेम्पोत घालून आम्ही परत आलो. शेडमध्ये शिरताना सर म्हणाले, "मला जिल्ह्यातला सगळ्यात वाईट जनरेटर पाहिजे."

मला वाटलं, रागात बोलताहेत. पण पुढच्या बाजाराच्या दिवशी ते मला आणि टेम्पोवाल्याला घेऊन जवळा बाजारला गेले. तिथं लग्नाच्या मांडवाला लाइटिंग आणि लाउडस्पीकर पुरवणारा एक माणूस होता. त्याचा जनरेटर वरातीत कसा बंद पडतो, याच्या गोष्टी साऱ्या तालुक्यात होत्या. मांडववाला कापसाच्या गाड्यांच्या पलीकडे, आपल्या दुकानासमोर खाट टाकून बसला होता.

सर थेट म्हणाले, "तुमचा जनरेटर लई खराब हाय असं ऐकलं. दोन-तीन महिने पाहिजे."

तो उठून बसला. "कोण म्हणलं खराब? साहेब, पंधरा वर्सांपासून चालून राहिला माझा जनरेटर."

"थरथरतो ना?"

"थरथरतो म्हंजे... इंजिन हाय. थरथरंल न्हाई तर काय करंल?"

"भार टाकला की दबतो ना?"

"थोडा दबतो. पर माणूस बी दबतो, साहेब."

सर खूश झाले. "बराबर. हाच पाहिजे."

मांडववाल्याला हा अपमान आहे की कौतुक, हे शेवटपर्यंत उमगलं नाही. त्यानं भाड्यानं दिला खरा, पण टेम्पोत चढवताना सरांना बजावलं, "याला कुणाम्होरं वाईट म्हणू नका. सीझन खराब होतो माझा."

तो जनरेटर शेडच्या मागं आला आणि आमचं बोलणं संपलं. त्याच्या धडधडीत काही ऐकूच यायचं नाही. आम्ही त्याला एक पाण्याची मोटर आणि ओळीनं बल्ब जोडले. सर मोटर चालू-बंद करायचे, मी स्क्रीनवर जनरेटरची आणि आपली अशा दोन लाटा बघायचे, आकडा बदलायचे, पुन्हा. लूप मंद केला तेव्हा तो धक्क्याला पुरून उरला, पण भटकणाऱ्या जनरेटरला त्यानं कधी गाठलंच नाही. मधला आकडा घेतला तर सगळ्यात वाईट. जनरेटर आपल्या लयीत वरखाली व्हायचा, आमचा लूपही जवळपास त्याच लयीत वरखाली होणारा, आणि दोघं मिळून झोक्यावरच्या दोन पोरांसारखे एकमेकांना उंच चढवायचे.

मग सरांनी दोन गिअर काढले. पाऊल लांब असेल तेव्हा चपळ गिअर, जवळ आलं की मंद गिअर. कागदावर हे फार सुंदर दिसत होतं. पण प्रत्यक्षात पाऊल जुळत आलं, आता झालं असं वाटलं, की नेमका त्याच जागी एक धक्का यायचा आणि सगळं सुटायचं. सर जनरेटरला शिव्या घालायचे. आम्ही त्याचा वेग सांभाळणारा गव्हर्नर साफ केला, डिझेल गाळून घातलं, पाया सिमेंटचा केला. धक्का तसाच.

डॉक्टरबाईंचा मधून मधून निरोप यायचा. बाहेरगावच्या एका कंपनीचा माणूस त्यांच्याकडे चकरा मारत होता, आठवड्यात बसवून देतो म्हणत होता. पेट्या जोडणाऱ्यांपैकी एकानं सरांना सुचवलं की तीन वेळा पाऊल सुटलं तर पेटी नुसती बॅटरीवरच ठेवू, टक टक तरी बंद होईल. सर म्हणाले, "मग बॅटरी संपल्यावर?"

याच दिवसांत मला एक स्थळ आलं. मुलगा नांदेडला नोकरीला, घर चांगलं, पण त्यांना घाई. महिन्याभरात लग्न करायचं आणि नोकरी सोडायची. मी सरांना सांगितलं, कारण सुट्टी लागणार होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते स्कूटरवर आमच्या घरी शिरड शहापूरला हजर. बाबा मेंढरं कोंडत होते. सर वाड्याच्या कुडाबाहेर उभे राहूनच म्हणाले, "लगीन थांबवा."

बाबांनी शांतपणे शेवटचं कोकरू आत घातलं आणि दार लावलं. "काहून?"

"काम अर्धं हाय."

"तुमचं काम व्हय. आमची लेक हाय."

"काम तिचंच हाय. मी नुसता मोटर चालू-बंद करतो."

"किती दिस थांबायचं?"

"दोन महिने."

"आन दोन महिन्यांत झालं न्हाई तर?"

"तर आणखी थांबा."

बाबा हसले. त्यांना हसताना पाहून मला धीर आला. त्यांनी सरांना खाटेवर बसवलं, दूध दिलं आणि मग माझ्याकडे वळून पहिल्यांदाच विचारलं, "तुला काय वाटतं, बाय?"

लाज सोडून मी म्हणाले, "हे काम सोडून गेले तर मला जन्मभर ते टक टक ऐकू येत राहील."

स्थळ गेलं. आई पुष्कळ दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. सर मात्र दूध पिऊन, पाहुण्यासारखे दोन शब्दही न बोलता उठले आणि सकाळी नेहमीचा प्रश्न विचारून कामाला लागले.

मीही आता इरेला पेटले होते. एके दिवशी सर तहसीलमध्ये गेले असताना मी जनरेटर बंदच करून टाकला. अचानक इतकं शांत झालं की ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारे वर बघायला लागले. लाइन होती, आणि त्या दिवशी चांगली स्थिर होती. मी पेटी लाइनवर जुळवली आणि काही कारण नसताना तिला हातानं एका गिअरमधून दुसऱ्यात टाकलं. स्क्रीनवर तोच धक्का. तसाच, तेवढाच. पुन्हा टाकलं, पुन्हा धक्का.

सर आले तेव्हा मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि करून दाखवलं.

"जनरेटर कुठाय?" ते म्हणाले.

"बंद हाय."

"मग धक्का कुणाचा?"

"आपला. गिअर बदलताना आपणच मारून राहिलो."

चूक माझ्या-त्यांच्या दोघांच्या हिशेबातली होती. लूप दोन गोष्टी करतो. आत्ताची चूक बघतो, आणि आतापर्यंतच्या चुकांवरून समोरच्याची चाल काय आहे ते लक्षात ठेवतो. गिअर बदलला की आम्ही सुधारणेचा आकडा बदलायचो, आणि त्याच्याबरोबर ती लक्षात ठेवलेली चालही बदलून जायची. म्हणजे इतका वेळ जनरेटरच्या मागं धावून जे शिकलो, ते नेमकं पोचण्याच्या क्षणी विसरायचो.

सरांनी स्वतः गिअर बदलून बघितला. रागावतील असं वाटलं. ते म्हणाले, "म्हंजे त्या बिचाऱ्याला उगाच शिव्या दिल्या." आणि खरोखर दुसऱ्या दिवशी ते जवळा बाजारला जाऊन मांडववाल्याला सांगून आले की तुमचा जनरेटर निर्दोष निघाला. त्यानं काय उत्तर दिलं, ते त्यांनी सांगितलं नाही.

चाल तशीच ठेवून फक्त सुधारणेचा आकडा बदलायचा, एवढं केल्यावर धक्का गेला. तरी काम संपलं नव्हतं. चपळ गिअरमधून मंदमध्ये एकदम उडी न मारता पायरी पायरीनं उतरायचं ठरलं. एकदा पाऊल जुळलं की एखाद्या थरथरीनं घाबरून परत चपळ व्हायचं नाही, चूक टिकून राहिली तरच व्हायचं. आणि भार टाकायच्या आधी थोडं बरोबरीनं चालून बघायचं. हे "थोडं" किती, यावर आम्ही दोघं आठवडाभर भांडलो. घाईचा माणूस वाढवा म्हणत होता आणि मी कमी करा. शेवटी त्यांच्याच आकड्यावर आलो, कारण त्यांनी मोटर आणि सगळे बल्ब एकदम टाकून दाखवले आणि पाऊल सुटलं नाही.

पेटी दवाखान्यात परत गेली त्या दिवशी वॉर्डात एकच बाळ होतं, फार लहान. डॉक्टरबाईंनी जुना यूपीएस शेजारी जोडून तयार ठेवला. त्यांचं बरोबर होतं. दुपारी लाइट गेली. पेटी बॅटरीवर गेली. जनरेटर धडधडत सुरू झाला. मी पेटीवर हात ठेवून उभी होते. आत काही तरी आपली चाल चाचपत होतं, हे मला हाताला कळत होतं, किंवा तसं वाटत होतं. मग एक टक झाली. एकच. वॉर्मरचा दिवा हलला नाही.

आम्ही पुढच्या टकची वाट बघत राहिलो. ती आली नाही. सिस्टरबाई बाळाची नळी बदलत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. डॉक्टरबाई दुसऱ्या खोलीतून येत म्हणाल्या, "काय, कधी करणार चाचणी?"

"झाली," सर म्हणाले.

"झाली? मला काही कळलंच नाही."

सरांचा चेहरा असा फुलला की तसा मी पुन्हा कधी पाहिला नाही. बाहेर आल्यावर ते फाटकाशी उभे राहून कितीतरी वेळ हसत होते. "ऐकलं का, बाई? काही कळलंच न्हाई तिला."

त्या दवाखान्यानंतर परभणी, नांदेडपर्यंतच्या लेकरांच्या दवाखान्यांत आमच्या पेट्या गेल्या. फार मोठा धंदा कधीच झाला नाही. मोठ्या कंपन्यांच्या पेट्या दिसायला देखण्या होत्या. ज्यांचा जनरेटर चांगला होता ते त्या घ्यायचे. उरलेले आमच्याकडे यायचे. पुढं माझं लग्न झालं, हिंगोलीतच. सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि स्क्रीनवरच्या लाटा त्यांना दिसेनाशा झाल्या. ऑपरेशन करा म्हटलं की म्हणायचे, टाइम न्हाई. तरी रोज बसनं यायचे आणि माझ्या टेबलाच्या बाजूला बसायचे.

अशात एकदा एक गृहस्थ आले. त्यांच्या नव्या दवाखान्याचं उद्घाटन ठरलं होतं, पाहुणे ठरले होते, पत्रिका छापून झाल्या होत्या. त्यांच्या जनरेटरवर आमचा नवा मोठा यूपीएस अजून नीट जुळत नव्हता. ते सवयीनं सरांपुढं जाऊन बसले. "साहेब, तेवढं उद्घाटनापुरतं चालू करून द्या. मागून दुरुस्त करा. कोण बघतंय?"

सर त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "मला काय विचारता? मॅडमला विचारा."

ते माझ्याकडे वळले. मी सांगितलं, "झालं की देऊ."

"म्हणजे कधी?"

"जुळलं की."

ते गृहस्थ कुणाकडे तरी तक्रार करण्याची भाषा करत निघून गेले. सरांनी खुर्ची ओढून माझ्या खुर्चीला लावली, न दिसणाऱ्या डोळ्यांनी स्क्रीनजवळ वाकले आणि म्हणाले, "सांग, कुठवर आलंय."